जुनी कॅबरने कधी उघडायची, आणि भाव चढलाय म्हणून ठेवून द्यायची का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात परिस्थिती अशी दिसतेय: तुम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहता, नापा या तिथल्या वाइनसाठी नावाजलेल्या दरीत जाता-येता आणि वाइन क्लबमधून कॅबरनेच्या, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाच्या रेड वाइनच्या, बाटल्या जमत गेल्या, आणि आता घरात सिल्व्हर ओक नापा २००७ च्या (साल द्राक्षांच्या तोडणीचं) तीन, रिज मॉन्टे बेलो २०१० च्या दोन, रदरफर्डच्या एका छोट्या वाइनरीच्या २०११ च्या चार, डन हॉवेल माउंटन २०१३ च्या तीन आणि वेगवेगळ्या वाइनरींच्या २०१६ च्या सहा बाटल्या आहेत. आधी कपाटात होत्या, २०१९ पासून वाइन फ्रिजमध्ये. त्याच लेबलांच्या नव्या बाटल्यांचे भाव बघून उघडायला हात धजत नाही, आणि वडिलांच्या पंच्याहत्तरीला दोन बाटल्या पुण्याला न्यायच्यात.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. वाइन चांगली कधी लागेल हा एक, आणि महाग झालेली वस्तू संपवायची कशी हा दुसरा. ते एकत्र केले की माणूस काहीच ठरवत नाही, आणि वाइन काही तुमच्यासाठी थांबत नाही. माझं काम दुकानासाठी लोकांच्या घरचे जुने साठे बघून त्यातलं काय घ्यायचं ते ठरवण्याचं आहे, आणि त्या घरांमध्ये मला वेळेच्या आधी उघडल्याची हळहळ फारशी ऐकू येत नाही, वेळ निघून गेलेल्या बाटल्या मात्र ढिगाने दिसतात. (लवकर उघडलेल्या दिसणारच नाहीत म्हणा, त्या संपलेल्या असतात.)

आधी एक गोष्ट स्वतःला विचारा, की तुम्हाला जुनी वाइन आवडते का. हे कुणी विचारतच नाही. तरुण नापा कॅबरने म्हणजे काळी करवंदं-जांभळं आठवावीत असं गडद फळ, व्हॅनिला, चॉकलेट, सगळं भरभरून. पंधरा-वीस वर्षांनी त्यातलं फळ मागे सरतं आणि देवदार, तंबाखू, चामडं, पावसानंतरची ओली पानं, कधी मश्रूम असे वास पुढे येतात. काही लोकांना हे स्वर्गसुख वाटतं, काहींना वाइन ‘उतरली’ असं वाटतं, आणि दोघंही बरोबर असतात. लोणच्याचंच बघा ना, कुणाला करकरीत ताजं लागतं तर कुणाला वर्षभर मुरलेलं. तुम्ही पूर्ण मुरलेली कॅबरने कधी प्यायलाच नसाल तर अठरा बाटल्या त्या चवीसाठी राखून ठेवणं म्हणजे न चाखता मागवलेली पंगत आहे.

बाटलीत नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचा हिशोब कळेल. कॅबरनेचा दाणा लहान आणि साल जाड, त्यामुळे तुरटपणा म्हणजे टॅनिन भरपूर. वर्षं जातात तसे टॅनिन आणि रंगाचे रेणू एकमेकांना चिकटत मोठे होतात, काही जड होऊन गाळ म्हणून तळाशी बसतात, आणि तोंडाला कोरडं करणारा तुरटपणा मऊ होतो. रंग जांभळ्यावरून विटकरी होत जातो. पण आंबटपणा जवळपास तेवढाच राहतो, आणि अल्कोहोल तर अजिबात कमी होत नाही. लेबलवर १४.९ टक्के लिहिलंय ना, वीस वर्षांनीही ती १४.९ चीच. म्हणून आज जी वाइन घशाला गरम लागते ती ठेवल्याने शांत होईल ही आशा सोडा, उलट फळ ओसरल्यावर ती गरमी जास्तच उघडी पडते. टॅनिन मऊ होतात, असमतोल मात्र जाता जात नाही.

इथेच नापाबद्दल एक मोठा घोळ होतो. लोक १९७६ च्या पॅरिसच्या टेस्टिंगचा दाखला देतात, जिथे स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबरने फ्रान्समधल्या बोर्डोच्या बड्या घराण्यांच्या पुढे गेली, आणि २००६ मध्ये त्याच वाइन पुन्हा चाखल्या तेव्हा रिज मॉन्टे बेलो १९७१ पहिली आली, म्हणजे कॅलिफोर्नियाची कॅबरने तीस-पस्तीस वर्षं आरामात टिकते. टिकते की, पण तेव्हाच्या वाइन साधारण साडेबारा-तेरा टक्क्यांच्या होत्या, द्राक्षं लवकर तोडलेली, आंबटपणा जास्त. नव्वदच्या दशकात फायलॉक्सेरा किडीमुळे नापात प्रचंड पुनर्लागवड झाली, नवी खुंटं, नवे क्लोन म्हणजे वेलींचे निवडक वाण आले, समीक्षकांना पिकलेली, भारदस्त स्टाइल आवडू लागली, आणि साडेचौदा-पंधरा टक्के हे नेहमीचं झालं. त्या स्टाइलच्या वाइन सुरुवातीपासून रुचकर लागतात, आणि माझ्या अनुभवात त्यातल्या बहुतेक आठ ते पंधरा वर्षांच्या टप्प्यात सगळ्यात छान असतात. पुढे जिवंत राहतात, पण वाढत नाहीत. मॉन्टे बेलो, डन, कोरिसन, मायाकामस यांसारखी मोजकी घरं अजून जुन्या पद्धतीच्या जवळ आहेत, त्यांचं गणित वेगळं. बाटलीची किंमत आणि टिकाऊपणा यांचा संबंध फार सैल आहे, हे लक्षात असू द्या.

आता खरी अडचण, तुमचं कपाट. तापमानावर इतकं अवलंबून आहे की बाकी सगळं त्यापुढे दुय्यम. आदर्श म्हणजे १२-१४ अंश सेल्सिअस, वर्षभर स्थिर, अंधार, बाटली आडवी. बे एरियातल्या एसी नसलेल्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये कपाटाच्या वरच्या फळीवर २६-२८ अंश सहज होतात, उन्हाच्या लाटेत त्याहून जास्त. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, म्हणजे कपाटातलं एक वर्ष सेलरमधल्या, म्हणजे वाइनच्या थंड तळघरातल्या, दीड-दोन वर्षांसारखं धरा. तुमच्या २००७ आणि २०१० ने तिथे बरीच वर्षं काढलीत, तेव्हा लेबलवरच्या वयात चार-पाच वर्षं मनातल्या मनात मिळवा. आणि समीक्षकांनी दिलेल्या ‘२०१५ ते २०३५’ अशा पिण्यायोग्य काळाच्या विंडो असतात त्या नीट ठेवलेल्या बाटलीसाठी असतात, वाइन बाल्यावस्थेत असताना चाखून केलेला अंदाज असतो तो, पंचांग नव्हे.

उघडायच्या आधीच बाटलीकडे बघून बरंच कळतं. मी कुठलाही साठा बघायला गेलो की पहिली ती टोपी, म्हणजे कॅप्सूल, बोटांनी गोल फिरवून बघतो. सहज फिरली तर बरं. चिकटून बसली असेल तर आतून वाइन पाझरून वाळलेली असू शकते. मग बोट कॅप्सूलच्या वर ठेवून दाबायचं, बूच काचेच्या काठापेक्षा वर आलंय का, कारण उष्णतेने वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. मग बाटली उभी धरून मागे टॉर्च, वाइनची पातळी बघायची. पंधरा-वीस वर्षांच्या बाटलीत पातळी मानेतच हवी, मानेच्या बुडाशी असली तरी चालते, पण खांद्यापर्यंत उतरली असेल तर बूच नीट बसलेलं नाही आणि हवा आत गेलीय. त्याच टॉर्चमध्ये मानेतला रंग बघा, विटकरी चालेल, चहासारखा तपकिरी दिसला तर ती बाटली याच आठवड्यात उघडा. या चारही गोष्टी तुमच्या अठराही बाटल्यांवर करा, अर्धा तास लागेल, आणि मी इथून सांगेन त्यापेक्षा जास्त कळेल.

आता तुमची यादी. सिल्व्हर ओक २००७ च्या तीनही याच वर्षात पिऊन टाका. २००७ हे नापात मऊ, भरलेलं, सुरुवातीपासूनच रुचणारं वर्ष होतं, त्यात सिल्व्हर ओक अमेरिकन ओक लाकडाच्या पिंपात मुरवतात आणि बाजारात आणायलाच चार-पाच वर्षं घेतात, म्हणजे ती पिण्यालायक होऊनच घरी येते. कपाटातल्या उन्हाळ्यांनंतर थांबण्यात काही अर्थ नाही.

२०११ बद्दल तुम्ही लिहिलंय की ‘सगळे म्हणतात वाईट वर्ष’. थंड उन्हाळा, ऑक्टोबरात पाऊस, द्राक्षं पिकायला झगडली, खरंय. पण ज्यांनी नीट निवडून तोडणी केली त्यांच्या वाइन कमी अल्कोहोलच्या, थोड्या हिरव्या मिरचीच्या, म्हणजे ढोबळी मिरचीच्या वासाच्या झाल्या, आणि मला त्या जेवणाबरोबर २०१२ पेक्षा जास्त आवडतात. हा वास कॅबरनेच्या रक्तातलाच आहे, दोष समजू नका. या चार बाटल्या आता पिण्यासाठी झकास, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत संपवा, छोट्या वाइनरीच्या २०११ वर फार लांबचा भरवसा ठेवू नये.

मॉन्टे बेलो २०१०, ही तुमच्याकडची सगळ्यात भारी वस्तू. तुमच्या घरापासून क्युपर्टिनोच्या मागचा डोंगर दिसत असेल ना, त्याच डोंगरावर १३०० ते २७०० फुटांवर या बागा आहेत, नापा नाहीच ती, सांताक्रूझ माउंटन्स. चुनखडीची जमीन, थंड हवा, अल्कोहोल बहुतेक वर्षी चौदाच्या आत. नीट ठेवली असती तर २०४० चं बोललो असतो. तुमच्या कपाटाचा विचार करता एक येत्या वर्षभरात उघडा आणि तिच्यावरून दुसरीचं ठरवा. फळ अजून पुढे असेल आणि तुरटपणा जाणवत असेल तर दुसरी पाच-सात वर्षं बिनधास्त ठेवा. वासात फळापेक्षा पानं आणि सोया सॉससारखं काही जास्त येत असेल तर दुसरीलाही लवकर मुहूर्त काढा.

डन हॉवेल माउंटन २०१३ ला हात लावू नका. हॉवेल माउंटन हा नापाचा डोंगर धुक्याच्या रेषेच्या वर, माती पातळ, द्राक्षं चिमुकली, त्यात २०१३ दुष्काळाचं वर्ष, टॅनिन म्हणजे अक्षरशः भिंत. लोक या वाइन वीस वर्षांनी उघडतात आणि म्हणतात अजून थोडी थांबायला हवी होती. धीर धरवत नसेल तर एक उघडा, पण सकाळी डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरायच्या काचेच्या रुंद भांड्यात, ओता आणि रात्री प्या.

२०१६ च्या सहांची नावं तुम्ही दिली नाहीत, त्यामुळे ढोबळच सांगतो. वर्ष संतुलित, फार कमी तक्रारी. सगळ्या फ्रिजमध्येच वाढल्यात म्हणजे वर्षाला एक या हिशोबाने प्यायला हरकत नाही, दरीच्या तळाच्या म्हणजे ओकव्हिल-रदरफर्डच्या आधी आणि डोंगरावरच्या नंतर. एखादी उघडल्यावर अगदी गप्प, ना वास ना चव, अशी निघाली तर घाबरू नका, कॅबरनेला मधल्या वयात असा अबोला धरायची सवय आहे, तिच्या जोडीदार बाटल्या असतील तर दोन वर्षं विसरून जा.

जुन्या बाटल्या उघडताना २००७ आणि २०१० साठी एवढं करा. दोन दिवस आधी उभ्या ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. नेहमीचा स्क्रू जुन्या बुचाचा भुगा करतो, दोन पात्यांचा आ-सो मिळतो तो वापरा, पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी डोलवत खाली सरकवायची आणि मग पिळत पिळत वर काढायचं, घाई केली तर बूच आत पडतं. ओतताना बाटलीच्या खांद्याखाली फोनचा टॉर्च उभा ठेवा, सावकाश एका दमात ओता, आणि धुरासारखी गाळाची रेघ मानेकडे येताना दिसली की थांबा. तळात दोन बोटं राहतील ती जाऊ द्या. २००७ ला डिकँटरमध्ये अर्धा तास पुरे, दोन-तीन तास हवेत ठेवली तर आहे तो सुगंधही उडून जाईल. पहिला ग्लास लगेच चाखा आणि मग ठरवा. सुई खुपसून एकेक ग्लास काढायचं कोराविन यंत्र तरुण वाइनला उत्तम आहे, पण ठिसूळ बुचाला आणि गाळ हललेल्या बाटलीला त्याचा उपयोग नाही.

आता भाव. ओपस वन या नापाच्या नावाजलेल्या वाइनचं उदाहरण घ्या, पहिली १९७९ ची वाइन १९८४ मध्ये बाजारात आली तेव्हा ५० डॉलर, आणि तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली होती. महागाईने त्या ५० चे आज साधारण दीडशे होतात. प्रत्यक्षात आजची बाटली चारशेच्या आसपास आहे. म्हणजे मधलं अंतर महागाईने भरून निघत नाही. ते कुठून येतं? नापा म्हणजे कॅलिफोर्नियाच्या एकूण वाइनपैकी जेमतेम चार टक्के, जमीन वाढत नाही, चांगल्या बागेचा एकर लाखो डॉलरला. कॅबरनेची द्राक्षं अलीकडे सरासरी टनाला नऊ हजार डॉलरच्या घरात, नावाजलेल्या बागेची त्याच्या कितीतरी पट. इथला जुना ठोकताळा असा की टनाच्या भावाला शंभरने भागलं की बाटलीचा भाव निघतो, म्हणजे सरासरी द्राक्षाचीच नव्वद डॉलरची बाटली. त्यात नवं फ्रेंच ओकचं पिंप हजार-बाराशेचं आणि त्यात जेमतेम तीनशे बाटल्या मावतात. २०१७ आणि २०२० च्या वणव्यांनंतर विम्याचे हप्ते वाढले, २०२० ला तर धुराच्या भीतीने कित्येकांनी रेड वाइन केलीच नाही. हे सगळं खरं, पण माझं मत विचाराल तर यातला मोठा वाटा शेजाऱ्याने दोनशे लावले तर आपण दीडशेत विकून हलके कसे दिसू या स्पर्धेचा आहे.

आणि इथेच तुमची गफलत होतेय. नव्या बाटलीची किंमत म्हणजे तुमच्या जुन्या बाटलीची किंमत नव्हे. वाइनरी दरवर्षी भाव वाढवते, लिलावात जुन्या वर्षांचे भाव त्या वेगाने चढत नाहीत, कित्येक नावांमध्ये दहा-बारा वर्षं जुनी बाटली लिलावात आजच्या नव्या बाटलीपेक्षा स्वस्त मिळते. २०२२ नंतर तर जगभर महागड्या वाइनचा बाजार उतरलाय, अगदी बोर्डोच्या लाफित-मूतोंसारख्यांनी २०२३ च्या वाइनचे सुरुवातीचे भाव दणकून कमी केले. म्हणजे ‘ठेवली तर वाढेल’ हे गृहीत धरू नका. उलट मी गिऱ्हाइकांना सांगतो की मुरलेली कॅबरने हवी असेल तर स्वतः पंधरा वर्षं सांभाळण्यापेक्षा नीट ठेवलेली लिलावातून घ्या, पुष्कळदा स्वस्त पडते.

विकायच्या का, तर सरळ सांगतो, नाही. लायसन्स नसताना कॅलिफोर्नियात स्वतः विकता येत नाही, लिलाव घर किंवा आमच्यासारखं दुकान लागतं. लिलावात विकणाऱ्याचं कमिशन जातं, घेणारा वर वीस टक्क्यांच्या आसपास प्रीमियम भरतो आणि तो धरूनच बोली लावतो, म्हणजे तोही तुमच्याच खिशातून. आणि पहिला प्रश्न असतो, कुठे ठेवल्या होत्या. ‘कपाटात’ म्हटलं की मीसुद्धा भाव पाडतो, पाडायलाच हवा. डनच्या तीन आणि मॉन्टे बेलो सोडल्या तर बाकीच्यांमागे हातात येईल ती रक्कम वाचून तुम्हीच म्हणाल, यापेक्षा प्यायलेली बरी. फारतर डनच्या तिन्ही विकू शकता, त्या फ्रिजमध्ये जास्त राहिल्यात आणि नाव ओळखीचं आहे, पण मग २०३५ ला तुम्हाला त्या हव्या असतील.

राहिलं पुणं. भारतात माणशी दोन लिटर दारू ड्यूटी न भरता नेता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. आयात वाइनवरची जबर ड्यूटी, वर राज्याचा कर हे बघता तिकडे विकत घेण्यापेक्षा इथून नेणंच परवडतं. पण २००७ किंवा मॉन्टे बेलो नेऊ नका, प्रवासात गाळ ढवळला जातो आणि तो परत बसायला दोन आठवडे लागतात, तेवढा वेळ तुमच्याकडे नसणार. २०१६ च्या दोन न्या, शक्यतो एकाच वाइनरीच्या, कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत. पोचल्यावर कार्यक्रमापर्यंत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, विशेषतः एप्रिल-मे असेल तर, आणि प्यायच्या तासभर आधी बाहेर काढा. झणझणीत मटण रश्शाबरोबर देऊ नका, तिखटाने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही भडकतात, सुकं मटण किंवा कबाब कमी तिखट करून घ्या. डिकँटर शोधत फिरू नका, घरातला काचेचा पाण्याचा जग स्वच्छ धुऊन, साबणाचा वास जाईपर्यंत खळबळून घेतला की पुरे, त्यात ओतून ठेवा. आणि वडील कधीच रेड वाइन पीत नसतील तर त्यांच्या ग्लासात आधी दोनच घोट ओता, आवडली तर मग भरा.